चार नंबरची आई

मुलाने अट घातली ती रविवारी सकाळी, दात घासता घासता, फोन बेसिनच्या कडेवर ठेवून.

"आई, एक तर तू कुणालातरी दाखव, नाहीतर मी नंबर बदलतो."

"दाखवू? काय दाखवू?"

"डोकं. डोक्याच्या डॉक्टरला."

"तुझा आवाज असा का येतोय? तोंडाला काय झालं? ठीक आहेस ना तू?"

"पेस्ट आहे तोंडात. बघ, हेच. हेच म्हणतोय मी." त्याने चूळ भरली. "एक तारखेपर्यंत थांबतो. नंतर नवीन नंबर. आणि तो तुला मिळणार नाही."

मुलगा सव्वीस वर्षांचा. दुसऱ्या गावी रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायचा, म्हणजे कुणी जुन्या दरवाजाचा टवका आणून दिला की हुबेहूब तसाच रंग बनवून द्यायचा. बारीक नजरेचा, थंड डोक्याचा, आईला जन्मात उलट न बोललेला. असा मुलगा अट घालतो तेव्हा पाणी डोक्यावरून जाऊन बराच वेळ झालेला असतो. आदल्या गुरुवारचे आईचे फोन त्याने एका कागदावर टिपले होते. त्या कागदाचा फोटोच त्याने पाठवून दिला.

*७.१० उठलास का.*
*८.०५ निघालास का.*
*८.४० पोचलास का.*
*९.३० उचलला नाही. ९.३१ उचलला नाही. ९.३२ उचलला नाही.*
*९.३३ कारखान्याच्या फाटकावर. पहारेकऱ्याला विचारलं, आत ॲम्ब्युलन्स गेली का.*
*११.०० पहारेकऱ्यानेच उलटा फोन केला, की मावशी, अजून तरी नाही गेली.*
*१.१५ जेवलास का. (जेवत होतो.)*
*४.०० थेट साहेबाच्या टेबलावर. भर मीटिंगमध्ये साहेब म्हणाला, तुझी आई विचारतेय तू जिवंत आहेस का, काय सांगू? मीटिंगने हात वर करून मत दिलं. जिवंत आहे, सात विरुद्ध दोन.*

बाईंनी कागद दोनदा वाचला. त्यात गैर असं त्यांना काही दिसलं नाही. फक्त सव्वा ते चार एवढा मोठा वेळ आपण नुसत्या बसून होतो, याचं मात्र वाईट वाटलं.

*

बाईंचं काम एका वाक्यात सांगायचं तर, त्या आजारी नसलेल्या पेशंट होत्या.

वैद्यकीय महाविद्यालयाची शेवटची परीक्षा असते. एका मोठ्या हॉलमध्ये प्लायवूडच्या फळ्या लावून बारा खोपटी करतात. प्रत्येक खोपट्याला स्टेशन म्हणायचं. प्रत्येक स्टेशनात एक खोटा पेशंट आणि कोपऱ्यात गुणपत्रिका घेऊन बसलेला एक परीक्षक. बेल वाजली की उद्याचा डॉक्टर आत येतो, दहा मिनिटं पेशंटशी बोलतो, बेल वाजली की पुढच्या खोपट्यात जातो. दोन नंबरला छातीत दुखणारे निवृत्त पोस्टमास्तर बसत. पाच नंबरला जगण्यात राम न उरलेली एक शिक्षिका असे. खऱ्या आयुष्यात ती पार्लर चालवायची आणि मधल्या सुट्टीत इतकी खिदळायची की पोस्टमास्तरांच्या छातीत खरंच दुखायला लागे.

बाई चार नंबरला. बारा वर्षं.

*स्टेशन ४. वाईट बातमी सांगणे.*
*तुम्ही: आई. मुलगा, वय २२. मोटारसायकल, हेल्मेट नाही. ऑपरेशन चालू असताना मृत्यू. तुम्हाला हे अजून माहीत नाही.*
*पहिलं वाक्य: "डॉक्टर, माझा ______ कुठे आहे?" (मोकळ्या जागी कोणतेही नाव घ्यावे. सहज तोंडात येणारे असल्यास रडणे नैसर्गिक होते.)*
*मिनिट ३ ते ६: रडणे. उमेदवाराने हात धरल्यास धरू द्यावा.*
*मिनिट ७: "त्याला फार त्रास झाला का?"*
*मिनिट ९: पाणी दिल्यास दोन घोट. जास्त नको, दिवसभर प्यायचे आहे.*
*बेल: डोळे पुसावेत. पुढच्या उमेदवारापूर्वी तीस सेकंद मिळतील.*

पहिल्या वर्षी पहिल्या दोन उमेदवारांपुढे बाईंनी कुठलंसं पुस्तकी नाव घेतलं, आणि डोळ्यांतून टिपूस निघेना. कोपऱ्यातल्या परीक्षकाने घसा खाकरला. तिसऱ्या उमेदवाराला बाई म्हणाल्या, "डॉक्टर, माझा ढब्बू कुठे आहे?"

ढब्बू म्हणजे घरचाच मुलगा. तेव्हा चौदा वर्षांचा होता, शाळेत गेला होता.

त्यानंतर मात्र काही अडचण आली नाही. बाई अशा रडल्या की उमेदवार रडला, परीक्षक रडला, आणि शेजारच्या स्टेशनातली शिक्षिका, जिने खिन्न बसायचं होतं, ती हमसून हमसून रडल्यामुळे तिथल्या उमेदवाराचे गुण वाढवावे लागले. परीक्षाप्रमुखांनी त्या संध्याकाळी जाहीर केलं की संस्थेला अशी आई पूर्वी मिळाली नव्हती. मग वर्षातून दोन परीक्षा, प्रत्येकीचे चार दिवस, दिवसाला अठ्ठावीस उमेदवार. बारा वर्षांत ढब्बू दोन हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी वेळा गेला. म्हणजे पहिले दोन उमेदवार वजा केले तर दोन हजार सहाशे शहाऐंशी. पण दोनासाठी बाई आकडा मोडत नसत.

नवरा मात्र एकदाच गेला होता, खराच. तेव्हा बातमी सांगणाऱ्याने बाईंना जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं, तेही मोज्याला भोक पडलंय अशा सुरात. त्याला एकही गुण देता आला नसता. त्यामुळे हे काम महत्त्वाचं आहे असं बाईंना अगदी मनापासून वाटे. डॉक्टरांना नीट सांगता यायला हवं. कुणावर तरी शिकायला हवं. आपल्यावर शिकू दे.

स्टेशन चारच्या पेपरातला मुलगा कायम बावीस वर्षांचा राहिला. घरचा मात्र मोठा होत गेला, आणि एक दिवस बावीसचा झाला. त्या वर्षापासून बाईंचे फोन सुरू झाले. तेविसाव्या वाढदिवशी त्यांना वाटलं, सुटले. पण फोन काही सुटले नाहीत.

*

परीक्षाप्रमुख कायम तोंडात पेपरमिंटची गोळी धरून बोलत, त्यामुळे त्यांचं कुठलंही बोलणं थंडगार वाटे.

"मानसिक त्रास? तुम्हाला? अहो, तुमचं तर सगळं खोटं खोटं ना?"

"हो, सर."

"मग त्रास खरा कसा होईल?"

"तेच विचारायचंय कुणालातरी."

प्रमुखांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. संस्थेत कर्मचाऱ्यांसाठी सोय होती. मनोविकार विभागात मोफत तपासणी, फक्त एक फॉर्म भरायचा. फॉर्म कामावर झालेल्या इजेचा होता, आणि धुलाईघर डोळ्यापुढे ठेवून छापलेला होता. बाईंनी तो शाळकरी मुलीसारखा मन लावून भरला.

*इजा कोणत्या यंत्रामुळे झाली?* डॉक्टर.
*यंत्राला संरक्षक जाळी होती का?* नव्हती.
*इजा झाली तेव्हा आपण हातमोजे घातले होते का?* नाही. हात धरतात.
*अशीच इजा यापूर्वी किती वेळा झाली?* २६८८.

कारकुनाने फॉर्म परत केला. शेवटच्या चौकटीत दोनच आकडे मावतात, तो म्हणाला. बाईंनी खोडून ९९ लिहिलं. दुरुस्तीवर सही मागितली. केली.

*

*पहिली भेट*

मनोविकार विभागाची खोली एक्स-रेच्या शेजारी होती. भिंतीवर समुद्राचं चित्र, टेबलावर कागदी रुमालांचा खोका, खुर्च्या समोरासमोर न ठेवता जरा तिरक्या. टेबल मध्ये नाही, बाईंनी मनात नोंदवलं. एक गुण.

डॉक्टर तिशी ओलांडलेला, बारीक मिशीचा. बाई आत आल्या तसा तो ताडकन उभा राहिला. खुर्ची हलली, पेन पडलं. त्याने बाईंना बसवलं, त्या बसेपर्यंत पाण्याचा ग्लास भरला, स्वतःचा फोन बंद केला आणि तो बंद केल्याचं दाखवलं.

"तुमच्यासोबत आज कुणी आलंय का?" तो म्हणाला. "आधी तुम्हाला काय काय माहीत आहे, ते सांगाल का?"

दोन गुण. बाईंना त्याचं कौतुक वाटलं, आणि मग जे व्हायचं तेच झालं. इतकं छान कुणी विचारलं की बाईंना चांगला पेशंट व्हावंसं वाटे. फळीपलीकडच्या शिक्षिकेची लक्षणं बारा वर्षं कानावर पडून त्यांना तोंडपाठ होती.

"झोप लागत नाही," त्या म्हणाल्या. "पहाटेच जाग येते. कशात मन रमत नाही. भूक मेली आहे. पूर्वी बागकाम आवडायचं, आता झाडांकडे बघवत नाही."

बाईंच्या घरी झाड नव्हतं. दुपारी दोनदा वाढून घेऊन त्या जेवून आल्या होत्या. डॉक्टर भराभर लिहीत होता. सगळं पुस्तकात असतं तसं आणि त्याच क्रमाने येत होतं. मध्ये त्याने "हे सगळं सोसणं अवघड गेलं असेल" असं म्हणून तीन सेकंद शांतता ठेवली. बाईंनी शांततेचा मान राखून दोन अश्रू काढले. मग घड्याळात दहा मिनिटं झाली. बाईंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि उठल्या.

"अहो, कुठे निघालात?"

"झाली ना वेळ."

"आपल्याकडे पंचेचाळीस मिनिटं आहेत."

"पंचेचाळीस!" बाई घाबरल्याच. "एवढ्या वेळात करायचं तरी काय?"

उरलेली पस्तीस मिनिटं दोघांनी समुद्राच्या चित्राकडे बघत कशीबशी काढली. दारापर्यंत सोडायला आलेल्या डॉक्टरने बराच धीर गोळा करून, जमिनीकडे बघत विचारलं, "किती?"

"वीसपैकी सतरा," बाई म्हणाल्या. "शेवटी गोषवारा राहिला तुमचा."

घरी गेल्यावर मुलाला सगळं नीट झाल्याचं कळवण्यासाठी त्यांनी चार वेळा फोन केला. पाचवा, चौथ्यात आवाज खोल गेल्यासारखा वाटला म्हणून.

*

*दुसरी भेट*

गोळ्या चालू झाल्या होत्या. त्या बागकाम सोडलेल्या शिक्षिकेसाठी होत्या, त्यामुळे बाईंना फक्त तोंड कोरडं पडे. एक तारखेला अठरा दिवस उरले होते. त्यात टपालाने पत्र आलं होतं: पुढची परीक्षा येत्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, स्टेशन चार, नेहमीप्रमाणे.

डॉक्टरने गोषवाऱ्याची उजळणी करून ठेवलेली दिसत होती. "मागच्या वेळी आपण झोपेबद्दल बोललो, भुकेबद्दल बोललो," तो म्हणाला. "आज जरा ढब्बूबद्दल बोलू या का?"

बाईंचा हात कागदी रुमालांच्या खोक्यावर थांबला.

"तुम्हाला हे नाव कुणी सांगितलं?"

"तुम्हीच नाही का..." त्याने कागद चाळले. कागदांत नाव नव्हतं. फॉर्मवरही नव्हतं. डॉक्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "इथे नाही. तिथे. स्टेशन चारला."

"तुम्ही माझ्याकडे होतात?"

"दोनदा." आता तो डॉक्टर उरला नव्हता, शेवटच्या वर्षाचा पोरगा झाला होता. "पहिल्यांदा नापास झालो. तुम्ही म्हणालात, डॉक्टर, माझा ढब्बू कुठे आहे, आणि मला... सॉरी. मला हसू फुटलं. घाबरलो होतो हो. आदल्या दिवसापासून पोटात अन्न नव्हतं. पेपर केवढा गंभीर, तुमचा चेहरा केवढा पडलेला, आणि नाव ढब्बू. एका आईला मी हसत हसत सांगितलं, तुमचा मुलगा गेला. सहा महिन्यांनी परत बसलो. घरी आरशासमोर ढब्बू, ढब्बू, शंभर वेळा म्हणायचो, न हसता. बायको तेव्हा नवीन होती. तिला वाटलं, माझं बाहेर काहीतरी आहे."

"मला आठवत नाही," बाई म्हणाल्या. "हसणारे पुष्कळ असतात."

"मला आठवतं ना पण. अजून भाजी घ्यायला गेलो की मी म्हणतो, ते मोठं हिरवं द्या. नाव नाही घेत." तो ओशाळून हसला. "कुठून सुचलं तुम्हाला असलं नाव?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याला गुणही नव्हते.

"माझ्या मुलाचं आहे."

"म्हणजे पेपरातल्या..."

"नाही. माझ्या. घरच्या. रंगाच्या कारखान्यात आहे तो."

डॉक्टरने ग्लास उचलला. बाईंना वाटलं आपल्याला देतोय, म्हणून त्यांनी हात पुढे केला. तो पाणी स्वतःच प्यायला, अखेरच्या थेंबापर्यंत.

"म्हणजे मी एका खऱ्या माणसाला..."

"तुम्ही एकटे नाही. पावणेतीन हजार जण आहात तुम्ही."

"आणि तो..."

"आहे." बाईंनी घड्याळ पाहिलं. "सव्वा अकराला होता."

"रोज किती वेळा फोन करता त्याला?" पहिल्या भेटीत विचारायचा प्रश्न तो आता विचारत होता.

"त्याने उचलला तर नऊ-दहा. नाही उचलला तर मोजत नाही."

डॉक्टरने शिक्षिकेच्या गोळ्यांवर काट मारली. मग पेन खाली ठेवलं. "त्याला हे माहीत आहे?"

"वेड लागलंय का मला! सांगितलं तर एक तारखेचीसुद्धा वाट बघणार नाही तो."

"नाही सांगितलं तर एक तारखेला नंबर बदलेलच."

"ते तर आहेच."

"मग त्याला घेऊन या."

"आणि सांगायचं कुणी?"

डॉक्टरचा चेहरा पडला. वाईट बातमी सांगायची परीक्षा तो दुसऱ्या प्रयत्नात, काठावर पास झालेला होता.

*

*तिसरी भेट. तिरक्या खुर्च्या तीन.*

मुलगा रजा काढून आला. हडकुळा, उंच, नखांच्या कडांना निळा रंग. डॉक्टर उठून पुढे झाला आणि त्याचा हात हातात घेतला, तो सोडेचना. मनगटापर्यंत चाचपून घेतला. नाडी बघत असावा.

"तुम्ही बरे आहात ना?" डॉक्टरने विचारलं.

"मी? मी बराय. आईला दाखवायला आलोय."

"हो, हो. अगदी बरोबर. पण तुम्ही ठणठणीत ना? काही चक्कर वगैरे?"

मुलाने आईकडे पाहिलं. "यांनाही आहे का ते, तुझ्यासारखं?"

"तू बस आधी," बाई म्हणाल्या. आणि डॉक्टर तोंड उघडायच्या आत त्यांनीच सगळं सांगून टाकलं. पायऱ्या नाहीत, शांतता नाही, आधी काय माहीत आहे ते विचारणं नाही; जिन्यात उभ्याउभ्या सांगतात तसं. पेपर, मोकळी जागा, पहिले दोन उमेदवार, तिसरा. आकडासुद्धा.

"ढब्बू?" मुलगा म्हणाला.

"हो."

"दोन हजार सहाशे लोकांना तू माझं नाव ढब्बू म्हणून सांगितलंस?"

"डॉक्टर होते रे सगळे."

"म्हणजे मी उद्या कुठल्याही दवाखान्यात गेलो आणि तू मागून हाक मारलीस, तर तिथला डॉक्टर..."

"हसेल," डॉक्टर म्हणाला. मग त्याने जीभ चावली.

"एक मिनिट. मी गेलो कशाने?"

"मोटारसायकल," बाई आणि डॉक्टर एकदमच म्हणाले.

"मला धड सायकल येत नाही!"

"हेल्मेट नव्हतं," डॉक्टर पुटपुटला, बाजू मांडल्यासारखा.

मुलगा उठला. खिडकीशी गेला. खाली एक्स-रेसाठी आलेल्या लोकांची रांग होती. प्रत्येकजण आपापला दुखरा भाग जपून धरून उभा होता. बाईंनी पर्स घट्ट धरली. आता तो म्हणेल नंबर बदलतो, आणि ते बरोबरच आहे. आपण त्याला हजारो वेळा पोचवून आलो आणि वर त्यालाच विचारतो, ठीक आहेस ना.

"नंतर का नाही बदललंस नाव?" तो खिडकीकडेच तोंड करून म्हणाला. "पहिल्या दिवशी अडलं, ठीक. दुसऱ्या दिवशी बदलायचं."

"सगळे म्हणत होते, किती छान."

"छान!"

"आणि खरं सांगू? आधी मला बरंच वाटायचं. मी रडायचे, रडायचे, आणि मग बेल वाजायची. बेल वाजली की सगळं खोटं. म्हणजे तू शाळेत. दर दहा मिनिटांनी तू परत यायचास. असं कुणाच्या वाट्याला येतं?" बाई रुमालाच्या खोक्याशी बोलत होत्या. "घरी आले की बेल नाही. मग मला कळायचं कसं? म्हणून मी फोन करते. तू हॅलो म्हणालास की झालं. दहा मिनिटं बरं असतं."

हे रडत सांगायचं वाक्य होतं, आणि बाईंचे डोळे कोरडे ठणठणीत होते. चार नंबरच्या परीक्षकाने त्यांना नक्कीच समज दिली असती. डॉक्टर मात्र काही लिहीत नव्हता. मुलगा परत येऊन खुर्चीत बसला. खुर्ची तिरकी होती. त्याने ती ओढून सरळ आईसमोर केली.

"हे सोड," तो म्हणाला. "चार नंबर सोड. मग नंबरचं बघू."

"आणि फोन?"

"रविवारी मी करीन."

"रविवारी? मधले सहा दिवस?"

"मधले सहा दिवस मी असेन, आई. तू विचारलंस तरी आणि नाही विचारलंस तरी."

"कशावरून?"

मुलाने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर शिकलेला माणूस होता. तो म्हणाला, "त्यासाठी तुम्ही दर मंगळवारी इथे या. आणि पंचेचाळीस मिनिटं बसा."

*

"नाव बदला ना मग!" परीक्षाप्रमुख म्हणाले. "मोकळी जागा आहे ती. त्यात काय एवढं? घ्या बघू एखादं, आत्ता."

बाईंनी मनापासून प्रयत्न केला. "डॉक्टर, माझा सुरेंद्र कुठे आहे?"

प्रमुखांची गोळी गालातच थांबली. "छे. हे म्हणजे छत्री कुठे विसरली विचारल्यासारखं झालं."

"मला दुसरं स्टेशन द्या, सर. गुडघा द्या."

"गुडघा! तुमच्यासारख्या कलावंत बाईला गुडघा? अहो, गुडघ्याला कुणीही बसतं. आमच्या लिफ्टमनला बसवलंय मी गुडघ्याला." त्यांनी विनंती केली, संस्थेची परंपरा सांगितली, उद्याच्या पिढीचं काय होणार ते सांगितलं. बाईंनी मनोविकार विभागाची चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीत एकच ओळ होती: *रुग्णाने मृत्यू टाळावा.* प्रमुखांनी ती दोनदा वाचली आणि सही केली. अशी चिठ्ठी नाकारायला कुठला नियम लावायचा ते त्यांना सापडलं नसावं.

चार नंबर शिक्षिकेला मिळालं. तिला बढतीचा आनंद झाला. पार्लर लवकर बंद करून ती पेपर घेऊन बाईंकडे आली.

"ताई, मला युक्ती सांगा. कुणाचं नाव घेऊ?"

"तुझ्या मुलीचं सोडून कुणाचंही."

"पण मग रडू कसं येणार?"

"नाही येणार."

"अय्या, मग लोक काय म्हणतील?"

"कच्ची आहे म्हणतील," बाई म्हणाल्या. "म्हणू देत. शेजारच्या कुत्र्याचं घे, घरमालकाचं घे, पण मुलीचं घेतलंस तर मी स्वतः येऊन परीक्षकाला सांगेन की तुला पार्लरमध्ये हसताना पाहिलंय."

शिक्षिका खिदळली. मग बाईंचा चेहरा बघून थांबली, आणि पेपरातल्या मोकळ्या जागेवर पेन्सिलीने घरमालकाचं नाव लिहिलं.

*

परीक्षेचा दुसरा दिवस बुधवार होता. स्टेशन अकरा, गुडघेदुखी. बाई लाकडी बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या. फोन नियमाप्रमाणे हॉलच्या दाराशी जमा केला होता. मुलाचा नंबर मात्र अजून जुनाच होता. एक तारीख येऊन गेली होती. सोमवारी बाईंनी एकदा फोन केला होता, मंगळवारी परीक्षा आटोपून डॉक्टरकडे तसं कबूल केलं होतं, आणि मुलाने तो फोन उचलला नव्हता. पहारेकऱ्याला त्यांनी विचारलं नाही. त्यासाठी त्यांना भांडी तीनदा घासावी लागली.

उमेदवार मुलगी होती. हातात हातोडी, कपाळावर घाम. तिने गुडघा वाकवून पाहिला, उठबस करताना कुरकुरतो का विचारलं, आणि मग पाठ केलेल्या यादीतल्या पुढच्या प्रश्नावर आली.

"मावशी, घरी कोण कोण असतं?"

पेपरात लिहिलं होतं: *एकटी. कुणी नाही. जिना चढताना त्रास.*

"मुलगा आहे," बाई म्हणाल्या.

कोपऱ्यातल्या परीक्षकाने मान वर केली. आपल्या कागदावर बोट फिरवून पाहिलं. मुलगा नव्हता.

"तो काय करतो?"

"रंग जुळवतो. लांब असतो."

"त्याला काही आजार? सांध्यांचा, हृदयाचा?"

"नाही."

"नक्की?" मुलीने विचारलं. तिला यादी पुरी करायची होती, एवढंच.

बाईंनी उत्तर द्यायला वेळ लावला. परीक्षकाने घड्याळ पाहिलं. रविवारी मुलगा अकरा मिनिटं बोलला होता. त्यातली चार मिनिटं एका विशिष्ट राखाडी रंगाबद्दल होती, जो काही केल्या जुळत नव्हता. त्यानंतर सोमवार झाला होता, मंगळवार झाला होता, आणि आज बुधवारची सकाळ निम्मी गेली होती.

"नक्की," त्या म्हणाल्या.

मुलीने लिहिलं: *मुलगा, निरोगी.* बाईंनी मान तिरकी करून ते शब्द उलट्या बाजूने वाचले, मग पुन्हा एकदा वाचले, आणि कुठला गुडघा दुखतो ते तिला सांगितलं.